कुणाच्या हातचं हाय?

शांतवन पाटोळे सरांना चहा देणं म्हणजे उलटतपासणीला उभं राहणं. कप हातात घेण्याआधी ते विचारायचे, "कुणाच्या हातचा हाय?"

आमच्या जामखेडच्या शाळेत ते पहिल्यांदा आले आणि ऑफिसात बसून त्यांनी हे विचारलं, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. या काळात, तेही एका निवृत्त शिक्षकानं, असं विचारावं? आमचे शिपाई बबनराव ट्रे घेऊन तसेच उभे राहिले. "माझ्याच हातचा हाय सर," ते जरा घुश्शातच म्हणाले.

"मंग द्या. नाव कळलं म्हंजी झालं." सरांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "बबनराव, साखर लई झाली. आता कुनाला सांगायचं ते ठाऊक हाय बगा."

बबनराव हसले, मी हसले, आणि तिथून आमची ओळख सुरू झाली. पुढे कळलं की ते सगळीकडे हेच विचारतात. पंगतीत वाढणाऱ्याला, पेढा देणाऱ्याला, दुकानात लोणच्याची बरणी पुढे करणाऱ्यालासुद्धा. त्यात सोवळंओवळं काही नव्हतं. दाद द्यायची तर कुणाला आणि बोल लावायचा तर कुणाला, एवढंच त्यांना हवं असायचं.

ते आले होते आमच्या संगणकात एक ओळ लिहायला.

शाळेला मिळालेल्या संगणकांवर लिनक्स होतं. फुकटचं, सगळ्यांचं, म्हणजे आमच्या हिशेबी कुणाचंच नसलेलं. मी मराठी टायपिंग शिकले जुन्या टाइपरायटरवर. ती कळांची मांडणी त्यात नव्हती. संगणकाबरोबर आलेला प्रिंटर तर जागचा हलायला तयार नव्हता. नगरला एका प्रशिक्षणात मी रडगाणं गायले, तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "पाटोळे सरांचं भांडार टाकून घ्या, सगळं सुरळीत होतं."

या प्रकारात सॉफ्टवेअर दुकानातून आणायचं नसतं. ज्यांनी ही लिनक्स सिस्टीम बनवली त्यांचं एक भलंमोठं भांडार इंटरनेटवर असतं. आपलं मशीन रोज तिथं जाऊन विचारतं, काही नवीन आलंय का, आणि आलं असेल तर घेऊन येतं. त्या मोठ्या भांडारात जे नसतं, ते कुणी बाहेरचा माणूस आपल्या छोट्या भांडारात ठेवतो. त्याचा पत्ता मशीनमध्ये एका ओळीत लिहिला, की मशीन रोज त्याच्याकडेही जायला लागतं आणि तो देईल ते मुकाट्यानं घेतं. पाटोळे सरांनी टाइपरायटरची मांडणी, त्या हटवादी प्रिंटरला चालवणारं सॉफ्टवेअर, शाळेचं वेळापत्रक लावायचा एक छोटा प्रोग्राम, असं सगळं आपल्या भांडारात ठेवलं होतं. जिल्ह्यातल्या कितीतरी शाळा ते वापरत होत्या.

मी फोन करून म्हटलं, "सर, ती ओळ सांगता का? लिहून घेते."

"फोनवर न्हाई सांगनार. मी येतो."

आणि खरंच आले. सोनईच्या अलीकडच्या एका गावातून एसटीनं नगर, तिथं गाडी बदलून जामखेड. एका ओळीसाठी एवढी धूळ खाल्ली. पांढरा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात एक लाकडी क्रूस. त्याच दोऱ्यात एक पेनड्राइव्हही ओवलेला होता. मी बघत राहिले तसे म्हणाले, "ह्याच्यात माझी सही ऱ्हाते. भांडारातल्या परत्येक वस्तूवर मारायची. दोन्ही हरवून चालायच्या न्हाईत, म्हून एकाच दोऱ्यात."

मग त्यांनी खिशातून एक चिठोरं काढलं आणि स्क्रीनवरची सहीची लांबलचक अक्षरं मला मोठ्यानं वाचायला लावली. मी एकेक अक्षर वाचायचे, ते कागदावर बोट सरकवत "व्हय… व्हय…" करायचे. अगदी परीक्षेच्या आधी आसनक्रमांक तपासतात तसं. शेवटी कळ दाबायच्या आधी त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"प्रार्थना केलीत?" मी विचारलं.

"न्हाई वो. नजर थकते."

मला राहवेना. "सर, लोक असल्या ओळी कुठूनही उचलतात आणि चिकटवून मोकळे होतात. तुम्ही उगाच एवढे हेलपाटे घालता."

ते माझ्याकडे असे वळले, जणू मी सातवीतली मुलगी आहे आणि प्रयोगशाळेत ॲसिडची बाटली उघडी ठेवली आहे. "ढवळेबाई, ही ओळ म्हंजी तुमी माझ्या हातात घर दिलं. उद्या मी ह्याच्यातनं काय बी आत सोडू शकतो. पोरांचे मार्क पुसू शकतो. मानसाचं तोंड न बघता कसं घेता तुमी?"

तोंड बघायची ही सवय त्यांना शिंगणापूरनं लावली होती. नोकरीची बरीच वर्षं ते त्या बाजूच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि शिंगणापुरातच खोली घेऊन राहत होते. दाराच्या जागी नुसती चौकट, तिला त्यांच्या पत्नी मार्थाबाईंच्या जुन्या लुगड्याचा पडदा. "शनिदेवाचा आन आमचा काय संबंध न्हाई," सर सांगायचे, "पर घरमालकाचा हुता, म्हून आमी बी बिनदाराचे. लोकांला वाटतं तिथं कुनी कुनाकडं बघत न्हाई. उलटं हाय. दार नसलं का येनाऱ्याजानाऱ्याकडं बघावंच लागतं." पुढे त्यांनी स्वतःचं घर बांधलं, त्याला दार बसवलं, कडी मात्र बसवायची राहून गेली ती गेलीच.

त्यांच्या हातून एकदा मोठा घोळ झाला. प्रिंटरसाठी लागणारा एक भाग मोठ्या भांडारातही होता. सरांनी तो सुधारून आपल्याकडे ठेवला आणि त्याला वरचा क्रमांक दिला. मशीनला काय, वरचा क्रमांक दिसला की ते नवं समजतं. जिल्हाभरच्या शाळांनी मोठ्या घरचं सोडून सरांचं घेतलं आणि ऐन निकालाच्या दिवसांत सगळे प्रिंटर बंद पडले. आमच्या मुख्याध्यापकांचा पारा असा चढला की बबनराव घंटा द्यायला विसरले.

सरांनी दुसऱ्याच दिवशी घरबसल्या दुरुस्ती पाठवली. प्रिंटर सुरू झाले, आम्ही निकाल छापले, विषय संपला. सरांचा संपला नव्हता. ते पुन्हा एसटीनं निघाले आणि प्रत्येक शाळेत जाऊन उभे राहिले. आमच्याकडे आले तेव्हा मुख्याध्यापक "बसा, बसा" म्हणत होते आणि हे उभेच. "चूक माझ्या हातची हाय," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी माझ्या मशीनमध्ये आणखी काही लिहिलं आणि मला समजावलं. "मोठ्या घरात जे शिजतं ते हितनं पुढं मी वाढनार न्हाई. तसा बंदोबस्त केला. आन तुमाला वाटलं तर असं बी करता येतं, बगा, का मशीन माझ्याकडं येईल, इचारील, पर घेनार कायच न्हाई."

"मग यायचं तरी कशाला?"

"नुस्तं भेटायला," ते म्हणाले आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

त्यांच्या घरी मी गेले ते मार्थाबाई गेल्यानंतर. शिंगणापूरच्या गाडीत तेलाच्या बाटल्या सांभाळत बसलेल्या भाविकांच्या गर्दीतून मी मधेच उतरले, तेव्हा कंडक्टरला वाटलं मी चुकून उतरते आहे. घर लख्ख होतं. एकट्या माणसाचं घर पसरलेलं असतं असं मी धरून चालले होते. हे इतकं आवरलेलं होतं की जास्त वाईट वाटलं. स्वयंपाकघरात एक जाळीचं कपाट होतं, दूधदुभतं मांजरापासून राखायचं. त्यात दुधाच्या पातेल्याच्या जागी एक छोटी काळी पेटी होती आणि तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हेच भांडार?" मी विचारलं.

"व्हय. हवेशीर जागा हाय. आन दूध ठिवायला आता कोन हाय?"

सकाळचे दहा वाजत आले होते. सरांनी खुर्ची ओढली आणि स्क्रीनसमोर बसले. काळ्या पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागली. प्रत्येक शाळेत लिहिलेल्या ओळीच्या शेवटी त्यांनी त्या त्या गावाचं नाव घातलं होतं, कुणाला अडचण आली तर कळावं म्हणून. शाळा उघडत, मशीन सुरू होत, आणि ती मशीनं सरांच्या दारात येऊन विचारत, काही नवीन आहे का.

"संगमनेर उठलं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात नातवंडं अंगणात आल्यासारखा आनंद होता. "राहुरी आली. पाथर्डी. जामखेड कायम उशिरा. तुमी का बबनराव?"

"बबनराव," मी ठोकून दिलं.

बहुतेक दिवशी त्यांच्याकडे नवीन काही नसायचं. मशीनं यायची, 'काही नाही' ऐकून परत जायची. सर तरीही अकरा वाजेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मुलगा पुण्याला, त्याचा फोन रविवारी. चर्चमधली उपासनाही रविवारी. बाकीचे सहा दिवस त्यांच्याकडे येणारं होतं ते एवढंच.

जेवताना मीच त्यांची थट्टा केली. भाकरी शेजारच्या बाईंनी दिली होती. "कुणाच्या हातची आहे, विचारलंत का?"

ते हसले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "बाई, आमच्या आज्याच्या हातचं पानी गावात कुनी घेत नव्हतं. आता जिल्हाभर माझ्या हातचं घेत्यात. न बघता घेत्यात. तवा मीच म्हनतो, बगून घ्या." मग मला आणखी कालवण वाढलं. त्या दिवसानंतर मी त्या प्रश्नावरून त्यांची थट्टा केली नाही.

माझी आई गेली तेव्हा मी काही दिवस शाळेत नव्हते. माणसं आली, रडली, चहा प्यायली आणि आपापल्या गावी गेली. मग घर असं गप्प झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. त्या शांततेत फोन वाजला. "ढवळेबाई, जामखेड येत न्हाई. मशीन बिघडलं, का तुमी?"

कसंबसं म्हटलं, "मशीन ठीक आहे सर." ते काही बोलले नाहीत. सांत्वनाचा एक शब्दही नाही. फक्त फोन ठेवला नाही. मी रडत होते आणि पलीकडे एक माणूस नुसता बसून होता. नातेवाइकांच्या सगळ्या बोलण्यापेक्षा मला ते जास्त पुरलं.

नंतर एकदा ते न कळवता आले. बबनरावांनी मुद्दाम साखर कमी घालून चहा आणला आणि प्रश्नाची वाट बघत उभे राहिले. सरांनी कप उचलला, चहा प्यायले, कप खाली ठेवला. काही विचारलं नाही. बबनरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"ओळ काढायला आलोय," सर म्हणाले.

मला समजेना. मग ते सावकाश सांगत गेले. भांडारात त्यांना एक वस्तू सापडली होती, कसली तरी सुधारणा, त्यांच्या सहीची. ती त्यांनी कधी केली, कशासाठी केली, काही आठवत नव्हतं.

"कुणी तुमची सही चोरली असेल," मी म्हटलं.

त्यांनी गळ्यातला दोरा वर केला. "हितंच हाय. काम बी माझंच हाय, माझी पद्धत मला कळती. माझ्या हातचंच हाय. पर मला ठाऊकच न्हाई." नगरच्या डॉक्टरांनी काय निदान केलं ते त्यांनी सांगितलं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. "आज नुस्तं इसरलो. उद्या भलतंच काय तरी घालून बसीन आन त्यावर बी माझी सही आसंल. मशीन डोळं झाकून घेईल. मला माझ्याच हातचं वळखू येईना, तर लोकांनी का घ्यावं?"

भांडार दुसऱ्या कुणी चालवावं म्हणून त्यांनी खूप विचारून पाहिलं होतं. मुलगा म्हणाला, बाबा, बंद करा आता. ज्यांना त्यातलं कळत होतं त्यांना वेळ नव्हता. मी म्हटलं, "मी सांभाळते सर."

"तुमी चांगल्या हायत, बाई. पर कुनी येऊन इचारलं, ह्याच्या आत काय हाय, तर सांगता येईल?"

नव्हतं येणार.

त्यांनी मशीनमधली भांडारांच्या पत्त्यांची यादी उघडली. त्यांची ओळ शेवटी होती. "घेतलेलं ऱ्हाईल, प्रिंटर चालंल. नवं येनार न्हाई, एवढंच."

"सर, असू द्या ना ती ओळ. कुणाचं काय बिघडतंय?"

"न्हाई. उघडं घर चालतं, बाई. पर घरात मानूस पायजे." त्यांनी डोळे मिटले, कळ दाबली. आणि या वेळी नजर थकल्याचं सांगितलं नाही.

स्टँडवर त्यांना गाडीत बसवताना कळलं, संगमनेर झालं होतं, राहुरी झाली होती, आणि अजून बऱ्याच शाळा राहिल्या होत्या. ज्या हातानं लिहिलं त्याच हातानं पुसायचं, फोनवर नाही, हा त्यांचा हेका. गाडी गेल्यावर मी तिथंच उभी राहिले. हा माणूस गावोगाव फिरून स्वतःच्या सकाळी विझवत चालला होता, आणि त्याला ते पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझं मशीन लवकर मोकळं व्हायला लागलं. पूर्वी सरांच्या पत्त्यापाशी ते जरा घुटमळायचं, त्यांचं घरचं नेट मंद म्हणून. आता झटकन संदेश यायचा, 'सर्व काही अद्ययावत आहे.' मला तो संदेश बघवेना.

काही महिन्यांनी सरांचा फोन आला. आवाज घाबरा. "ढवळेबाई, जिल्ह्याचं नेट गेलंय का वो? आज कुनीच आलं न्हाई. संगमनेर न्हाई, पाथर्डी न्हाई. जामखेड बी न्हाई."

"बघते सर," मी म्हटलं. खरं सांगायला जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा फोन. तेच शब्द, तीच काळजी, जणू आदल्या दिवशी बोलणं झालंच नव्हतं.

फोन ठेवला आणि मी मशीनसमोर बसले. पत्ता मला पाठ होता. यादीच्या शेवटी मी ती ओळ पुन्हा लिहिली, तिच्या शेवटी 'जामखेड' लिहिलं, आणि खाली तो सरांनीच शिकवलेला बंदोबस्त: यायचं, विचारायचं, घ्यायचं काही नाही. मशीन त्यांच्या पत्त्यापाशी घुटमळलं. किती दिवसांनी घुटमळलं! त्यानंतर सरांचा फोन आला नाही. त्यांना दिसलं, की फोन करायचंच विसरले, कळायला मार्ग नव्हता.

म्हणून मी गेले. आदल्या दिवशी नगरला बहिणीकडे उतरले. बबनरावांना बजावून ठेवलं होतं, काहीही होवो, दहा वाजता माझं मशीन सुरू करायचं.

दार नुसतं लोटलेलं होतं. मुलानं ठेवलेल्या कामाच्या बाई आत होत्या, त्या म्हणाल्या, "सर, कोन आलंय बगा." सर स्क्रीनसमोर बसले होते. स्वच्छ बुशशर्ट, गळ्यात दोरा. दोऱ्यात आता फक्त क्रूस होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या आईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "या, बसा."

"मी ढवळे, सर. जामखेडहून आले."

"आस्सं? जामखेडला आमच्या वळखीच्या एक बाई हायत." आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले.

मी शेजारी खुर्ची घेऊन बसले. चहा आला, तो त्यांनी काही न विचारता घेतला. पडदा काळाभोर होता, त्यावर काहीच नव्हतं. दहा वाजून गेले. मी मनातल्या मनात बबनरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि मग एक ओळ उमटली. एकच.

सर पुढे वाकले. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"आल्या बगा जामखेडच्या बाई," ते मला म्हणाले. "बाकी आता कुनी येत न्हाई. ह्या तेवढ्या येतात रोज. घेत कायच न्हाईत. नुस्तं भेटायला येतात."

मी त्या ओळीकडे बघत राहिले.

"जरा उशिरा येतात, एवढंच," सर म्हणाले.

"व्हय सर," मी म्हटलं.